‘तश्रीह-ए-मन्सूरी’तील मज्जातंतूंची आकृती : एक चिकित्सा

प्रास्ताविक

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने महाविद्यालयांत प्रदर्शने भरतात. मुस्लीम शैक्षणिक संस्थांच्या महाविद्यालयांत ‘मुस्लीम शास्त्रज्ञांचे योगदान’ या दालनात एक जुने रंगीत चित्र पुष्कळदा पाहावयास मिळते. उकिडवा बसलेला एक मनुष्य, दोन्ही बाजूंना सारखे फाकलेले हातपाय, अंगभर वेगवेगळ्या रंगांच्या रेषा आणि त्या रेषांच्या कडेने फारसी अक्षरे. चित्राखालची ओळ मात्र जागोजागी बदलते. कोठे त्यास ‘इब्न सीना यांनी काढलेली मज्जासंस्था’ म्हटलेले असते, तर कोठे ‘युरोपच्या दीडशे वर्षे आधी’ असा मथळा असतो. विद्यार्थी चित्रासमोर क्षणभर थांबतात, मथळा वाचतात आणि पुढे जातात.

याच्या अगदी उलट असे एक मत इंग्रजी आणि मराठी लोकप्रिय विज्ञानलेखनात दीर्घकाळ वावरत आले आहे. इस्लामी समाजात चित्रकलेस व शवविच्छेदनास बंदी होती, त्यामुळे तेथे शरीररचनेची चित्रे निर्माण होऊच शकली नाहीत, असे ते मत. पहिल्या मताने चित्राला अभिमानाचे प्रमाणपत्र केले आहे आणि दुसऱ्याने चित्राचे अस्तित्वच नाकारले आहे. या दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे. प्रत्यक्ष चित्र कोणीच नीट पाहिलेले नाही.

प्रस्तुत लेखात या आकृतीचे परीक्षण केले आहे. ती काय दाखविते, कशी दाखविते, काय दाखवू शकत नाही आणि तिच्या आधीच्या व नंतरच्या आकृत्यांशी तुलना करता तिची योग्यता काय ठरते, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे. वैज्ञानिक आकृती ही नुसती सजावट नसते. ती एक विधान असते. विधानाची पारख जशी पुराव्यावर होते तशीच आकृतीचीही व्हावी, ही या चिकित्सेमागील भूमिका आहे.

ग्रंथ आणि ग्रंथकार

ज्या ग्रंथातून ही आकृती येते त्याचे नाव ‘तश्रीह-ए-बदन-ए-इन्सान’, म्हणजे मानवी देहाची रचना. ग्रंथकाराच्या नावावरून तो ‘तश्रीह-ए-मन्सूरी’ म्हणून प्रसिद्ध आहे. ग्रंथकार मन्सूर इब्न मुहम्मद इब्न अहमद इब्न यूसुफ इब्न इलियास हे शिराझमधील विद्वानांच्या व हकीमांच्या घराण्यातले. १४व्या शतकाच्या अखेरीस त्यांनी हा ग्रंथ फारसीत लिहिला आणि तैमूरचा नातू पीर मुहम्मद, ज्याच्याकडे त्या काळात फार्स प्रांताचा कारभार होता, त्यास अर्पण केला. त्यांचा ‘किफाया-ए-मुजाहिदिया’ हा वैद्यकावरील दुसरा ग्रंथही प्रसिद्ध आहे.

ग्रंथाची मांडणी अतिशय नेटकी आहे. प्रस्तावनेनंतर पाच प्रकरणे येतात: अस्थी, मज्जातंतू, स्नायू, शिरा आणि धमन्या. अखेरीस हृदय, मेंदू यांसारख्या संयुक्त अवयवांविषयी व गर्भाच्या घडणीविषयी पुरवणी आहे. प्रत्येक प्रकरणासोबत पूर्ण पान व्यापणारी एक मानवाकृती असून शिवाय गर्भवती स्त्रीची एक आकृती आहे. इस्लामी जगातून अखंड मानवी देहाची शरीररचनात्मक चित्रे या ग्रंथापूर्वीची उपलब्ध नाहीत. हे या ग्रंथाचे निर्विवाद महत्त्व होय.

अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयात या ग्रंथाची एक प्रत जतन केलेली आहे. हसन इब्न अहमद या कातिबाने ती इस्फहान येथे हिजरी ८९४, म्हणजे इ.स. १४८८ मध्ये पूर्ण केली. पोस्टरांवर दिसणारी मज्जातंतूंची आकृती अशाच हस्तलिखित प्रतींमधून घेतलेली असते. ती इब्न सीना यांची नव्हे. इब्न सीना यांचे निधन इ.स. १०३७ मध्ये झाले. त्यांच्या ‘अल-कानून फित्-तिब’ या ग्रंथाच्या काही उत्तरकालीन प्रतींत मन्सूरी पद्धतीच्या आकृत्या जोडल्या गेल्या. लंडनच्या वेलकम संग्रहातील १६३२ सालची प्रत हे त्याचे उदाहरण होय. ग्रंथ इब्न सीनांचा, आकृती मात्र त्यांच्यानंतर सुमारे सहाशे वर्षांनी उतरविलेली, असा हा प्रकार आहे. ‘इब्न सीना यांनी काढलेली मज्जासंस्था’ ही ओळ भिंतीवरून उतरवावी, एवढे तरी या पहिल्याच तपासणीतून निष्पन्न होते.

आकृतीचे वाचन

मज्जातंतूंच्या आकृतीत देह पाठीमागून दाखविला आहे. डोके मात्र इतके मागे कललेले आहे की तोंड पानाच्या अगदी वरच्या टोकाशी येते. प्रथमदर्शनी हे विचित्र वाटते आणि चित्रकाराला मान नीट काढता आली नाही असा समज होतो. तो समज योग्य नाही. मज्जातंतूंचे दोन मोठे समूह एकाच पानावर दाखवावयाचे होते, हे लक्षात घेतले की या रचनेमागील विचार उलगडतो. मज्जारज्जूपासून निघणाऱ्या जोड्या पाठीकडूनच स्पष्ट मांडता येतात. डोळे, जीभ, चेहरा यांच्याकडे जाणारे मज्जातंतू मात्र समोरच्या बाजूस असतात. डोके मागे टाकल्याने दोन्ही बाजू एका सपाट पानावर येतात. नकाशाकार जशी गोल पृथ्वी चौकोनी कागदावर पसरवितो तशीच ही युक्ती आहे.

उकिडव्या बैठकीचाही असाच उपयोग आहे. हातपाय दोहोंकडे समान पसरल्यामुळे देहाचे डावे व उजवे अंग एकमेकांचे प्रतिबिंब ठरते. गॅलेनच्या, म्हणजे तिब्बी परंपरेतील जालीनूसच्या, शिकवणीत मज्जातंतूंची मोजणी जोड्यांनी होते. मेंदूपासून निघणाऱ्या जोड्या सात मानल्या जात. मणक्यांमधून निघणाऱ्या जोड्या क्रमाने मोजल्या जात. निरनिराळ्या जोड्यांसाठी निरनिराळ्या रंगांची शाई वापरून आणि त्यांच्या कडेने नावे लिहून चित्रकाराने हीच मोजणी डोळ्यांसमोर ठेवली आहे. विद्यार्थ्याने प्रकरण पाठ करावे आणि आकृतीवर बोट फिरवीत जोड्यांची उजळणी करावी, अशी ही योजना दिसते. स्मरणास साहाय्य करणारा तक्ता म्हणून पाहिले तर आकृती यशस्वी आहे. शब्दांत लांबलचक व कंटाळवाणी वाटणारी यादी तिने एका दृष्टिक्षेपात आणली.

आणखी एका दृष्टीने ही आकृती मोलाची ठरते. ग्रीक भाषेतील ‘न्यूरॉन’ या शब्दाचा मूळ अर्थ कंडरा किंवा तात असा होता. मज्जातंतू, कंडरा व अस्थिबंध यांतील भेद स्पष्ट होण्यास इ.स.पूर्व तिसऱ्या शतकातील अलेक्झांड्रियाच्या वैद्यांची विच्छेदने कारणीभूत झाली. अरबी वैद्यकाने हा भेद शब्दांतच पक्का केला: मज्जातंतूसाठी ‘असब’, कंडरेसाठी ‘वतर’ आणि अस्थिबंधासाठी ‘रिबात’. मराठीत ‘मज्जातंतू’ आणि ‘चेता’ हे शब्द शास्त्रात आहेत. पण घराघरांतील बोलण्यात ‘नस’ आणि ‘शीर’ हे शब्द रक्तवाहिनी, मज्जातंतू व कंडरा या तिघांसाठीही सर्रास वापरले जातात. ‘नस आखडली’, ‘नस दबली’ आणि ‘नस कापली’ या तीन वाक्यांत नस एकच नसते. मन्सूरच्या ग्रंथात मज्जातंतूंसाठी एक देह, शिरांसाठी दुसरा आणि धमन्यांसाठी तिसरा देह रेखाटला आहे. एकच मानवाकृती पुन्हा पुन्हा घेऊन प्रत्येक वेळी एकच संस्था दाखविणे, हा अध्यापनाचा उत्तम विचार आहे आणि आजची पाठ्यपुस्तकेही तो पाळतात.

नावे पुसून पाहिल्यास

आकृतीच्या मर्यादा समजण्यासाठी एक साधी कसोटी लावता येते. आकृतीवरील सर्व अक्षरे पुसली आहेत अशी कल्पना करावी. मग आकृती किती बोलते?

मन्सूरची आकृती या कसोटीवर जवळजवळ मुकी होते. रंगीत रेषा उरतात; परंतु त्या मज्जातंतूच आहेत हे आकृतीतून सिद्ध होत नाही. कोणता मज्जातंतू खोल आहे, कोणता त्वचेलगत आहे, तो कोणत्या स्नायूंमधून वाट काढतो, याचा उलगडा होत नाही. ज्याने ग्रंथ वाचलेला नाही त्याला ती वाचता येणार नाही. ज्याने ग्रंथ वाचला आहे त्याला ती ग्रंथात नसलेले फारसे काही सांगणार नाही. चित्र देहाकडे पाहून काढलेले नसून ग्रंथाकडे पाहून काढलेले आहे, असाच निष्कर्ष निघतो.

हा दोष एकट्या मन्सूरचा मानणे अन्यायाचे होईल. २०व्या शतकाच्या आरंभी जर्मन इतिहासकार कार्ल सुडहोफ यांनी युरोपातील मध्ययुगीन लॅटिन हस्तलिखितांतील अशाच उकिडव्या आकृत्यांचा अभ्यास केला आणि त्यांस ‘पाच चित्रांची मालिका’ असे नाव दिले. त्यांपैकी काही १२व्या शतकातील, म्हणजे मन्सूरच्या आधीच्या आहेत. मन्सूरच्या पाच आकृत्यांशी त्यांचे साम्य उघड आहे. दोन्ही परंपरांमागे एखादे जुने समान मूळ असावे असे मानले जाते. गर्भवती स्त्रीची आकृती मात्र लॅटिन मालिकेच्या या पाचांत बसत नाही. धमन्यांच्या आकृतीसारख्याच देहात गर्भाशय व गर्भ दाखवून ती तयार केलेली आहे आणि ती मन्सूरची स्वतःची भर असण्याचा संभव अभ्यासक मानतात. अभिमानाने दाखवावयाची असेल तर ही आकृती अधिक योग्य ठरेल.

अधिक गंभीर बाब पुढेच आहे. ग्रंथाच्या नकला शतकानुशतके होत राहिल्या, पण आकृती मूलतः तीच राहिली. कातिब बदलले, शाईचे रंग बदलले, चेहऱ्याची ठेवण बदलली. मज्जातंतूंची मांडणी बदलली नाही. कारण ती तपासण्यासाठी कोणी देहाकडे वळल्याचा पुरावा नाही. जी आकृती चुकू शकत नाही ती सुधारूही शकत नाही. स्मरणाचा तक्ता म्हणून जे तिचे बळ होते तेच ज्ञानाचे साधन म्हणून तिचे दौर्बल्य ठरले.

इब्न अल-हैसम यांची आकृती

मुस्लीम विद्वानांच्या परंपरेतच याहून वेगळ्या प्रकारची एक आकृती मन्सूरच्या कितीतरी आधी निर्माण झाली होती, हे पोस्टर तयार करणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच येते. इब्न अल-हैसम (सुमारे ९६५ ते १०४०) यांच्या ‘किताब अल-मनाझिर’ या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथाची एक प्रत इस्तंबूलच्या सुलेमानिया ग्रंथालयात आहे. त्यांच्या जावयाने हिजरी ४७६, म्हणजे इ.स. १०८३ मध्ये ती उतरविली. तीत दोन डोळे, मधोमध नाक आणि डोळ्यांकडून निघून एकत्र येणारे व पुढे मेंदूकडे जाणारे दृष्टीचे मज्जातंतू दाखविले आहेत. मज्जासंस्थेच्या एखाद्या भागाच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या आकृत्यांत तिची गणना होते.

दिसावयास ही आकृती मन्सूरच्या आकृतीहून कितीतरी साधी आहे. तीत मानवी देह नाही, रंगांची शोभा नाही. वर्तुळे आणि दुहेरी रेषांचे पट्टे एवढेच तिचे साहित्य. तरीही नावे पुसण्याच्या कसोटीवर ती अधिक टिकते. दोन वाटा एका ठिकाणी मिळतात, ही गोष्ट अक्षरांवाचूनही समजते. आणि हेच तिचे मुख्य विधान आहे. माणसाला डोळे दोन असताना वस्तू एकच का दिसते, या प्रश्नाचे उत्तर इब्न अल-हैसम यांनी या मिलनस्थानात शोधले. दोन्ही डोळ्यांतील आकार ‘सामाईक मज्जातंतू’त एकत्र येतात, असे त्यांचे म्हणणे होते.

या विधानासोबत त्यांनी प्रयोगही दिला. ग्रंथाच्या तिसऱ्या भागात सुमारे एक हात लांबीच्या फळीवर रेषा आखून व मेणाच्या लहान खुणा बसवून एक वस्तू केव्हा एक व केव्हा दोन दिसते याचे पद्धतशीर निरीक्षण सांगितले आहे. ज्याला शंका असेल त्याने फळी घ्यावी आणि स्वतः पाहावे. आकृती येथे पाठांतराचे साधन राहिली नाही. ती पडताळून पाहता येण्याजोगा दावा बनली.

ती निर्दोष मात्र नव्हती. डोळ्याच्या रचनेची माहिती शरीररचनेच्या ग्रंथांतून घेतल्याचे इब्न अल-हैसम स्वतःच नमूद करतात. गॅलेनच्या मताप्रमाणे दृष्टीचा मज्जातंतू पोकळ असून त्यातून एक सूक्ष्म वायुरूप द्रव्य वाहते, असे तेही धरून चालले. तिब्बी ग्रंथांत या द्रव्यास ‘रूह’ म्हणत. ही वैद्यकातील पारिभाषिक संज्ञा असून धार्मिक अर्थाच्या रूहशी तिची गल्लत करू नये. आज आपल्याला माहीत आहे की दृष्टीचे मज्जातंतू पोकळ नसतात, मिलनस्थानी त्यांतील निम्मे तंतू ओलांडून पलीकडे जातात आणि दोन प्रतिमांचा मेळ पुढे मेंदूच्या मागील भागात बसतो. अर्धवट ओलांडण्याची कल्पना न्यूटनने १७०४ मध्ये ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात मांडली. म्हणजे इब्न अल-हैसम यांचे उत्तर चुकले. परंतु प्रश्न बरोबर होता आणि जागाही जवळजवळ बरोबर होती. अशा चुकीला विज्ञानात किंमत असते.

या ग्रंथाचा प्रवासही उद्बोधक आहे. लॅटिन भाषांतरावरून तो १५७२ मध्ये बाझेल येथे छापला गेला. पूर्वेकडे कमालुद्दीन अल-फारिसी यांनी १४व्या शतकाच्या आरंभी ‘तन्कीह अल-मनाझिर’ ही त्यावरील टीका लिहिली. तिची छापील अरबी आवृत्ती हिजरी १३४७-४८ (इ.स. १९२८ ते १९३०) मध्ये हैदराबादच्या दाइरतुल मआरिफ या संस्थेने काढली. हा वारसा दूरच्या इस्तंबूलपुरता मर्यादित नाही, तो दख्खनच्या भूमीतही जतन झाला आहे, हे येथील अध्यापकांनी ध्यानात ठेवावे.

वेसालिअस आणि त्यानंतर

‘युरोपच्या दीडशे वर्षे आधी’ हा मथळा ज्या ग्रंथाला उद्देशून असतो तो म्हणजे आंद्रेआस वेसालिअसचा ‘देहाची घडण’ या विषयावरील लॅटिन ग्रंथ. तो १५४३ मध्ये बाझेल येथे छापला गेला तेव्हा ग्रंथकार २८ वर्षांचा होता. लाकडी ठशांवरून छापलेल्या त्यातील आकृत्या मन्सूरच्या आकृत्यांच्या जातीच्याच नाहीत. मज्जातंतूंना जाडी आहे, फाटे आहेत, वळणे आहेत. मेंदूच्या चित्रांत कवटी कापल्यापासून एकेक थर क्रमाने उघडत जातो. अक्षरे पुसली तरी चित्रकार एका प्रत्यक्ष मृतदेहासमोर उभा होता हे कळते. तेव्हा वर्षांचे अंतर मोजून ‘आम्ही आधी’ म्हणणे हे बैलगाडी आणि आगगाडी यांची केवळ तारखांवरून तुलना करण्यासारखे आहे.

तथापि वेसालिअसचेही परीक्षण व्हावयास हवे. गॅलेनने मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे एक ‘अद्भुत जाळे’ वर्णिले होते. ते बैल-मेंढरांत आढळते, माणसात नाही. १५३८ मध्ये काढलेल्या आपल्या तक्त्यांत वेसालिअसने ते माणसातही दाखविले होते. पुढे १५४३च्या ग्रंथात त्याने ते मानवी देहात नसल्याचे सांगितले आणि पूर्वी प्रात्यक्षिकात ते दाखविण्यासाठी जनावराचे डोके वापरल्याची कबुलीही दिली. दृष्टीचा मज्जातंतू पोकळ नसल्याचेही त्याने तपासून सांगितले. पण मेंदूपासून निघणाऱ्या जोड्यांची मोजणी त्याने सातच ठेवली. आज मान्य असलेली बारा जोड्यांची मोजणी सोमरिंग या जर्मन शास्त्रज्ञाने १७७८ मध्ये दिली. नजर नवी झाली तरी आकडा जुनाच राहतो, याचा हा बोलका दाखला आहे.

छापील आणि सुबक असलेली प्रत्येक युरोपीय आकृती देहावरून काढलेली होती, असेही नाही. देकार्तचा मनुष्यदेहावरील ग्रंथ त्याच्या निधनानंतर १६६२ मध्ये लॅटिनमध्ये व १६६४ मध्ये फ्रेंचमध्ये निघाला. त्यातील, पाय विस्तवाजवळ असलेल्या मुलाची आकृती जगप्रसिद्ध आहे. पायापासून मेंदूपर्यंत एक दोरी जावी तसा मज्जातंतू तीत दाखविला आहे; ती ओढली की मेंदूतील छिद्र उघडते. नावे पुसली तरी ही आकृती अस्खलित बोलते, मात्र जे बोलते ते खरे नाही. कसोटीची मर्यादाही येथे कळते. आकृती स्पष्ट असणे आणि सत्य असणे या भिन्न गोष्टी आहेत.

त्याच १६६४ साली टॉमस विलिसचा मेंदूच्या रचनेवरील ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या चित्रांसाठी क्रिस्टोफर रेन याचे साहाय्य होते. पुढे लंडनच्या सेंट पॉल चर्चचा वास्तुविशारद म्हणून ख्याती पावलेला रेन तो हाच. पुढच्याच वर्षी, १६६५ मध्ये, स्टेनो या डॅनिश शरीररचनाशास्त्रज्ञाने पॅरिस येथे मेंदूविषयी एक व्याख्यान दिले. ते १६६९ मध्ये छापले गेले. उपलब्ध चित्रांपैकी विलिसची चित्रे सर्वोत्तम असल्याचे मान्य करून त्याने त्यांतील उणिवा दाखविल्या आणि देकार्तने खऱ्या माणसाऐवजी कल्पित यंत्राचे वर्णन केले असल्याचे स्पष्ट केले. आकृत्यांची जाहीर चिकित्सा हाच युरोपातील प्रगतीचा खरा आधार होता. कोणी आधी काढली यापेक्षा काढल्यानंतर तिच्यावर कोणी प्रश्न विचारला का, हे निर्णायक ठरले.

बंदीचा प्रश्न

इस्लामी समाजात चित्रांवर सरसकट बंदी होती, हे मत खुद्द ‘तश्रीह-ए-मन्सूरी’च खोडून काढते. राजपुत्रास अर्पण केलेल्या ग्रंथात पूर्ण मानवाकृती आहेत आणि त्याच्या प्रती पिढ्यान्‌पिढ्या उतरविल्या गेल्या. विच्छेदनाविषयीचे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. एमिली सॅव्हेज-स्मिथ या संशोधिकेने १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या प्रश्नाची साधार चर्चा केली आहे. मध्ययुगीन इस्लामी लेखनात विच्छेदनाविषयी एकच एक भूमिका आढळत नाही, अनेकांनी शरीररचनेच्या अभ्यासाची स्तुती केली आहे. परंतु मानवी देहाचे पद्धतशीर विच्छेदन झाल्याचा स्पष्ट पुरावाही मिळत नाही, असा त्याचा आशय आहे.

पाहण्याची वृत्ती मात्र नव्हती असे नाही. इ.स. १२०० नंतरच्या इजिप्तमधील भीषण दुष्काळात अब्दुल लतीफ अल-बगदादी यांनी उघड्यावर पडलेले असंख्य सांगाडे तपासले. खालचा जबडा दोन हाडांचा असतो हे गॅलेनचे मत चुकीचे असून ते एकच हाड आहे, असे त्यांनी नोंदविले. इब्न अल-नफीस यांनी इ.स. १२४२ मध्ये हृदयाच्या मधल्या पडद्यात गॅलेनने मानलेली छिद्रे नाहीत, रक्त फुप्फुसांतून जाते, असे प्रतिपादन केले. या दोघांनीही जुन्या अधिकाराला प्रश्न केला. पण हे निष्कर्ष पुढच्या आकृत्यांत उतरलेले दिसत नाहीत. शिराझमध्ये चित्रकार होता, कैरोत निरीक्षक होता. दोघांची गाठ पडली नाही. वेसालिअसच्या बाबतीत निरीक्षक, चित्रकार आणि छापखाना एका कामावर एकत्र आले. दोन परंपरांमधील फरक बुद्धीचा किंवा धर्माचा म्हणून सांगण्यापेक्षा या जोडणीचा म्हणून सांगणे पुराव्याला अधिक धरून होईल.

समारोप

‘तश्रीह-ए-मन्सूरी’तील मज्जातंतूंची आकृती ही आपल्या काळातील एक विचारपूर्वक केलेली, अध्यापनास उपयुक्त कृती आहे. गुंतागुंतीचा विषय एका पानावर आणण्यासाठी तिने योजलेली युक्ती आजही दाद देण्याजोगी आहे. नवे ज्ञान देणारी आकृती म्हणून मात्र तिचे स्थान इब्न अल-हैसम यांच्या साध्या रेखाकृतीच्या खाली लागते. हा निर्णय मुस्लीम परंपरेचे मोल कमी करीत नाही. त्या परंपरेतील कोणती गोष्ट खरोखर मोठी होती, हे तो दाखवून देतो.

वर्गात या आकृत्यांचा उपयोग करताना मन्सूर, इब्न अल-हैसम, वेसालिअस आणि देकार्त यांच्या आकृत्या शेजारी शेजारी ठेवाव्यात, नावे झाकावीत आणि विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारावेत. आकृती कोणता दावा करते? काढणाऱ्याने तो देहात पाहिला होता की ग्रंथात? दावा चुकीचा असेल तर तो कसा उघड होईल? शेवटी गोल्जी आणि काहाल यांच्या आकृत्या दाखवाव्यात. गोल्जीने १८७३ मध्ये शोधलेल्या रंजनपद्धतीने दोघांनी मज्जापेशी पाहिल्या. एकाने अखंड जाळे रेखाटले, दुसऱ्याने सुट्या पेशी. १९०६ साली दोघांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले आणि पुढील संशोधनाने काहालचे म्हणणे खरे ठरविले. डोळ्यांसमोर एकच दृश्य असतानाही आकृत्या दोन होऊ शकतात, हे समजलेला विद्यार्थी कोणत्याही पोस्टरखालचा मथळा मुकाट्याने स्वीकारणार नाही.

पूर्वजांच्या आकृत्या भिंतीवर अवश्य लावाव्यात. त्यांच्याखाली ग्रंथाचे खरे नाव, प्रतीचे खरे साल आणि आकृतीतील एक चूक लिहावी. ती चूक कशी सापडली हे सांगण्यासाठी शिक्षकाने तेथे दहा मिनिटे उभे राहावे. ज्या परंपरेत अल-बगदादी यांनी जालीनूसपेक्षा डोळ्यांची साक्ष मोठी मानली, तिचा मान राखण्याचा हाच सरळ मार्ग आहे.